तापलेल्या सी-२७६ ची तपासणी : माझा अनुभव

सी-२७६ या निकेल मिश्रधातूचे तुकडे तपासण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा प्रश्न नेमका होता : रासायनिक घटक तेच राहिले, तरी केवळ उष्णतेने गंजरोधकता किती ढासळते? या मिश्रधातूत सुमारे १६ टक्के क्रोमियम, तेवढेच मॉलिब्डेनम आणि थोडे टंगस्टन असते. ६५० ते १०९० अंश सेल्सिअस या पट्ट्यात तो फार वेळ राहिला, की कार्बाइडे (कार्बन आणि धातूंची संयुगे) आणि मॉलिब्डेनमने समृद्ध अशी ‘म्यू’ प्रावस्था (वेगळ्या रचनेचा घन भाग) कणसीमांवर, म्हणजे धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवर, साचू लागते, आणि लगतच्या भागात गंज रोखणारी क्रोमियम, मॉलिब्डेनम ही मूलद्रव्ये कमी पडतात. कार्बन ०.०१ टक्क्याच्या आत असल्यामुळे वेल्डिंगची अल्पकाळची उष्णता तो सहसा निभावून नेतो. दीर्घकाळच्या उष्णतेपुढे मात्र तेवढे पुरत नाही.

काही तुकडे मी ८७० अंशांवर वेगवेगळा वेळ ठेवले आणि एक न तापवलेला तुकडा तुलनेसाठी राखला. पॉलिश केल्यावर १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात विद्युत्-एचिंग केले, म्हणजे आतली रचना दिसावी म्हणून विजेच्या साहाय्याने पृष्ठभाग हलकेच झिजवला. न तापवलेल्या तुकड्यात कण स्वच्छ होते, त्यांच्या पोटातल्या जुळ्या सीमांच्या (एकमेकांचे प्रतिबिंब असलेल्या भागांमधल्या सीमांच्या) सरळ रेषाही स्पष्ट दिसत होत्या. सर्वाधिक तापलेल्या तुकड्यात मात्र प्रत्येक कणाभोवती जाड, सलग काळी कड उमटली होती.

त्यानंतर कणसीमांवरचा गंज तपासणाऱ्या एएसटीएम जी-२८ या प्रमाणित चाचणीच्या ‘अ’ पद्धतीप्रमाणे फेरिक सल्फेट मिसळलेल्या ५० टक्के उकळत्या गंधकाम्लात, वाफ थंड करून परत आणणारा कंडेन्सर लावून, तुकडे २४ तास ठेवले. राखलेला तुकडा बहुतांशी चकचकीत निघाला. तापलेल्याचा पृष्ठभाग खरखरीत झाला होता आणि बोट फिरवताच धातूचे बारीक कण सुटत होते. वजनातील घटीवरून वार्षिक क्षरणदर काढता येतो, पण त्या सूत्रात झीज सर्वत्र सारखी धरलेली असते. इथे आम्ल सीमांतून आत शिरले होते, म्हणून मी तुकडे उभे कापून भेगांची खोलीही मोजली. माझ्या मते हे मोजमाप वगळलेला अहवाल अपुराच.

त्याच तापलेल्या पत्र्याचा एक तुकडा ११२० अंशांच्या आसपास सोल्यूशन ॲनीलिंग करून (साचलेले पदार्थ पुन्हा धातूत विरघळावेत म्हणून तापवून) लगेच पाण्यात थंड केला. कणसीमा पुन्हा स्वच्छ झाल्या आणि चाचणीतही तो टिकला. अशा पत्र्यापासून जोडून तयार केलेल्या पात्राला एवढी उष्णता देऊन पाण्यात बुडवणे बहुधा शक्य नसते, त्यामुळे गरम अवस्थेत घडवलेल्या भागांचे ॲनीलिंग जोडणीपूर्वीच व्हावे, अशी शिफारस मी अहवालात केली.