घरी बांधलेल्या गाडीसाठी बोल्ट निवडताना
सस्पेन्शनसाठी बोल्ट घेताना मी आधी त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचतो: ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणसामर्थ्य (ताणून तुटण्याआधी सहन होणारा कमाल ताण), आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० मेगापास्कलच्या आसपास बोल्ट कायमचा लांबू लागतो. १०.९ चे हेच आकडे १००० आणि ९०० आहेत. सगळीकडे त्याहून मजबूत १२.९ वापरण्याचा काहींचा आग्रह मात्र मला धोक्याचा वाटतो, कारण इतक्या कठीण पोलादावर विजेच्या प्रक्रियेने जस्ताचा मुलामा देताना आत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करू शकतो, आणि असा बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी अचानक तुटू शकतो. चकचकीत स्टेनलेसचा ए२-७० प्रतीचा बोल्ट तर ४५० मेगापास्कललाच कायमचा लांबू लागतो. तो येथे नकोच. कातरबल, म्हणजे बोल्टला आडवे कापू पाहणारे बल, जेथे पडते तेथे आटे नसावेत, गुळगुळीत दांडाच यावा, म्हणून लांबी ब्रॅकेटवर मोजूनच बोल्ट घ्यावा.