आमची वाटचाल: ‘मशीन कधी मिळेल?’

जुने अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि कॅसेट डेक घ्यायचे आणि विकायचे, एवढाच सुरुवातीला आमचा धंदा होता. दुरुस्ती बाहेर देत असू. गणित सोपं वाटायचं. प्रत्यक्षात माल घेण्यात लागलेले पैसे दुरुस्तीवाल्याच्या फळीवर अडकून पडायचे. एका ठिकाणी आमचे डेक इतके रेंगाळले की त्यांच्यावर दुसऱ्यांचे डेक रचले गेले. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘पुढच्या आठवड्यात बघतो.’ इकडे आमची गिऱ्हाइकं तोच प्रश्न आम्हाला विचारायची आणि आम्हीही तेच उत्तर पुढे सरकवायचो.

चिडचिड व्हायची, पण त्याच मंडळींच्या शेजारी बसून काम पाहिलं तेव्हा वेळ कुठे जातो ते कळलं. हाताचं काम फार नसतं. साध्या अ‍ॅम्पचे वाळलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलणं, रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट साफ करणं, बायस (ट्रान्झिस्टरमधला स्थिर प्रवाह) लावणं हे सहसा दिवसभरात उरकतं. बाकीचा काळ वाट पाहण्यात जातो. भागाची वाट, मालकाच्या होकाराची वाट, आणि सगळ्यात छळणारी म्हणजे दोष दिसण्याची वाट. ‘अधूनमधून डावा स्पीकर बंद पडतो’ या तक्रारीइतकी वैतागवाणी तक्रार नाही. अ‍ॅम्प चांगला तापला की सोल्डरच्या सांध्यातली बारीक भेग उघडते. बेंचवर झाकण काढलं की वारा लागतो, बोर्ड गार राहतो आणि मशीन मुकाट वाजत राहतं. दोष सापडेपर्यंत ते बेंच अडवून बसतं.

मग आम्ही स्वतःचं बेंच टाकलं आणि विक्रीपेक्षा दुरुस्तीच वाढत गेली. पहिल्यापासून एक गोष्ट ठरवली: नंबर येईपर्यंत मशीन मालकाच्याच घरी राहील. अधूनमधून बंद पडणारा अ‍ॅम्प निदान तोवर घरी वाजत तरी राहतो, आणि आमच्याकडे जागा अडत नाही. मशीन आत घेतानाच खर्चाची मर्यादा लिहून घेतो. तेवढ्या रकमेत काम बसत असेल तर पुन्हा विचारायचं नाही, थेट करायचं. होकारापायी जाणारे दिवस यामुळे जवळजवळ संपले. नवल म्हणजे, काहीही हललेलं नसलं तरी ‘अजून भाग आलेला नाही’ एवढा निरोप आपणहून गेला, तर बहुतेक माणसं शांत राहतात.

कॅसेट डेक मात्र एकेक करून परवडत नाहीत. बहुतेकांचा बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला असतो आणि तो खरवडण्यातच अर्धा जीव जातो. पुढे टेप दाबून ओढणारा पिंच रोलर, मग वेग. टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकली पाहिजे. त्यासाठी 3150 हर्ट्‌झ सूर भरलेली टेस्ट टेप लावून मोटरचा स्क्रू फिरवत बसायचं. ही सगळी मांडणी एकदा केली की चार-पाच डेक एका बैठकीत निघतात, म्हणून डेक साठवून मगच घेतो. ज्याचा डेक आधी आला त्याला हे पटत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

भागांच्या बाबतीत आम्ही मुद्दाम हळू आहोत. तोशिबाच्या 2एससी5200 आणि 2एसए1943 या स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टर जोडीच्या नकला बाजारात मुबलक आहेत. वरची छपाई बेमालूम, आत चिप मात्र इवलीशी. कमी आवाजात सगळं ठीक वाजतं. जोर लावला की आउटपुट ट्रान्झिस्टर उडतो आणि जाताना त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही नेतो. मग तेच मशीन परत रांगेत, तेही फुकटात. त्यामुळे उशीर झाला तरी अधिकृत वितरकाकडचाच माल. कपॅसिटरही मेलेला एकटाच बदलत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, तेव्हा हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, शेजारचे सगळे एकदमच काढतो. बिल वाढतं, कुरकुर होते.

शेवटचा उशीरही आमचाच. दुरुस्त झालेला अ‍ॅम्प झाकण लावून, तापेल इतक्या आवाजात दिवस-दोन दिवस वाजवल्याशिवाय देत नाही. ‘झालाय ना, मग द्या की!’ हे रोजचंच.

विकायला माल घेतानाही आता आधी भाग बघतो, मग मशीन. टेक्निक्सचा एसएल-1200 डोळे झाकून घेतो. 1972 साली आलेला हा टर्नटेबल 2010 मध्ये बंद झाला, 2016 मध्ये नव्या रूपात परतला. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच थेट तबकडी फिरवत असल्याने बेल्टचं दुखणंच नाही, आणि जुन्यांचे भागही मिळतात. एसटीके मॉड्यूलवर (एकाच तुकड्यात बसवलेल्या आउटपुट भागावर) चालणारे अ‍ॅम्प मात्र जपून घेतो, कारण त्यातही नकलांचा सुळसुळाट आहे. लेझर गेलेला सीडी प्लेअर तर, त्याच जातीचं चालू लेझर हाताशी नसेल, तर विकतही घेत नाही आणि दुरुस्तीलाही ठेवून घेत नाही. तसं फोनवरच सांगतो. काहींना राग येतो. काही जण तेच मशीन दुसरीकडे देतात आणि काही महिन्यांनी, ते दुरुस्त होऊन मिळालं नाही म्हणून, पुन्हा आम्हाला विचारतात. उत्तर तेच असतं.