आमची वाटचाल : मखरापासून सांगाड्यांपर्यंत

आमचं दुकान फोंड्याच्या वरच्या बाजारात. बाहेरच्या पाटीवर अजून 'बोर्ड, ट्रॉफी, नेमप्लेट' एवढंच लिहिलेलं आहे. पाटी बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली, त्यामुळे ती बदलायचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. त्या पाटीत न मावणारा एक धंदा आम्ही मागच्या खोलीत करतो. टेबलावर फाशांनी खेळायच्या लढाईच्या खेळासाठी बोटाच्या पेराएवढे सांगाडे, वटवाघळं आणि सुळेवाले सरदार बनवतो. चवथीला मखर न्यायला आलेल्या बायकांची नजर कधी त्या फळीवर जाते आणि "हें कितें गो?" म्हणत त्या दोन पावलं मागे सरतात.

सुरुवात बाबांची. ते उत्सवी नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, असे तीन पडदे असले की गावच्या मंडळाचं कुठलंही ऐतिहासिक नाटक उभं राहायचं. वर्षभराचा खर्च मात्र दुकानांच्या पाट्यांवर निघायचा. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. मी २०१४ मध्ये कर्ज काढून लेझर कटर घेतला. त्यावर मखरं, नेमप्लेट, भजनी स्पर्धांच्या ट्रॉफी असं बरं चाललं होतं. मार्च २०२० मध्ये स्पर्धा बंद, लग्नं बंद, म्हणजे आम्हीही बंद. त्या काळाबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी आणखी लिहीत नाही.

माझा भाचा तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला होता. २०२१ मध्ये त्याने साठवलेल्या पैशांतून एक रेझिन प्रिंटर, म्हणजे पातळ रेझिनच्या थरांतून छोट्या आकृत्या घडवणारं यंत्र, आणला आणि म्हणाला, "मामा, मागची खोली दे." मी खोली दिली. वास इतका यायचा की आठवड्यात खिडकीला एक्झॉस्ट बसवावा लागला. रेझिन हाताला लागू द्यायचं नाही, स्पिरिटने धुवायचं, मग अतिनील दिव्याखाली कडक करायचं, हे सगळं मी त्याच्याकडूनच शिकलो.

तो ज्या खेळासाठी हे करत होता, तो थोडक्यात असा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, दोन्ही बाजूंना छोट्या आकृत्यांच्या पलटणी, हातात टेप आणि फासे. चाल इंचांत मोजायची, लढाईचा निकाल फाशांवर. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने असा वॉरहॅमर हा खेळ १९८३ मध्ये काढला. त्यात मेलेल्यांची फौज आधी एकच होती. १९९९ मध्ये व्हॅम्पायरांना त्यांचं वेगळं पुस्तक मिळालं, घराण्यांसकट. कुणी दरबारी, कुणी शूर सरदार, कुणी नुसतं मढं. २०१५ मध्ये कंपनीने त्या खेळाचं ते जुनं काल्पनिक जगच संपवलं आणि त्याजागी नवा खेळ आणला. मग जानेवारी २०२४ मध्ये जुनं जग 'द ओल्ड वर्ल्ड' नावाने परत आलं, पण पूर्ण मान नऊ फौजांनाच. उरलेल्या सात फौजांची एक-एक फुकट पीडीएफ देऊन बोळवण केली. व्हॅम्पायर त्या सातांत. ज्यांच्या कपाटात दहा-दहा वर्षं रंगवलेली फौज होती, त्यांना पंगतीत बसवून नुसतं मीठ वाढल्यासारखं झालं.

आमच्यासाठी मात्र त्यात काम होतं. जुन्या खेळात माणसाएवढ्या शिपायाची बैठक २० मिलिमीटरची असायची, 'द ओल्ड वर्ल्ड'मध्ये ती २५ झाली. जुन्या आकृत्या उपटून परत चिकटवायला कुणी तयार नसतं. आम्ही लेझरवर एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे, असे ट्रे कापले की २० च्या बैठका २५ च्या अंतराने बसतील. पहिल्या पावसाळ्यात ते पापडासारखे फुगले. गोव्याच्या हवेत उघड्या कडेचा एमडीएफ पाणी पिणारच, हे मखरांमुळे मला माहीत असायला हवं होतं. बाबांनी कडांना फ्रेंच पॉलिशचे दोन हात मारायला सांगितले, तेव्हापासून तक्रार नाही.

इथपर्यंत आम्ही फक्त कारागीर होतो. पुढे भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी व्हॅम्पायरांची स्वतःची फौज लिहायला घेतली. नियम आमचे, नावं आमची, आकृत्या आमच्या, आणि नियमांचे पैसे घ्यायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं. दुसऱ्याच्या खेळावर पोट भरताना एवढी मर्यादा पाळायला हवी, असं माझं मत. भाच्याचं मत थोडं वेगळं आहे, पण खोली माझी आहे.

नावांवरून पहिला वाद घरातच झाला. फौजेतल्या सगळ्यात मोठ्या राक्षसाला पोरांनी 'वेताळ' म्हटलं होतं. कल्पना अगदी हवेतली नव्हती. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेतालकथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा शीर्षकात वेताळाला सरळ व्हॅम्पायरच केलं. बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आमोण्याला जाऊन हे सांगशील?" आमोणे, लोलये, पैंगीण, इथे वेताळ हा देव. लोक त्याला गाऱ्हाणं घालतात. फाशांवर सहा पडले की मरणारा तो नव्हे. राक्षसाचं नाव त्याच संध्याकाळी बदललं. बर्टनला कुणी आजो भेटला नसावा.

मग नियम खेळून पारखायच्या तालमी सुरू झाल्या. पोरं प्लेटेस्टिंग म्हणतात, आमच्या घरात नाटकवाल्यांचा शब्द रुळला. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोन टेबलं लावायची. म्हापसा, मडगाव, साखळी, वाळपई, कुठून कुठून पोरं येत. भाजी-पाव आणि चहा आमच्याकडून.

पहिल्या महिन्यात आम्ही फॉर्म भरून घेतले : मजा किती, ताकद किती, नियम सोपे किती, एक ते पाच गुण द्या. सगळ्यांनी सगळ्याला चार दिले. ज्याचं भाजी-पाव खाल्लं त्याला तीन कोण देणार? तोंडी विचारलं तर "बरें आसा". त्यांतलेच दोघं बाहेर स्कूटरला किक मारताना एकमेकांना म्हणत होते, "अरे, पण ते संपत कसं नाही रे?" ते मी शटरच्या आतून ऐकलं. पुढच्या रविवारी फॉर्म फाडले आणि एकच प्रश्न ठेवला : कितव्या फेरीत मोबाईल बघितलास? याचं उत्तर लोक खरं देतात. जवळजवळ सगळ्यांनी तिसरी सांगितली.

फॉर्म फाडले तरी डावांची वही ठेवली. २२ डाव झाले तेव्हा भाच्याने बेरीज केली : त्यांतले १४ व्हॅम्पायरांनी जिंकले. सगळ्यांचं एकमत झालं की फौज फार जड आहे, मेलेले उठवायचा मंत्र अर्धा करा. मला ते पटेना, कारण हिशेब तसा लागत नव्हता. मंत्र लागायला दोन फाशांवर सात किंवा जास्त हवेत. ३६ पैकी २१ वेळा पडतात, म्हणजे शंभरात ५८. मंत्र लागला की एका फाशाइतके सांगाडे उठायचे, सरासरी साडेतीन. फेरीत चार वेळा प्रयत्न केला तरी हाती साधारण आठ सांगाडे. फौजेत घ्यायला एकाची किंमत पाच गुण, म्हणजे फेरीला ४०, सहा फेऱ्यांत २४०. फौज २००० गुणांची. यावर बावीसात चौदा डाव जिंकता येतील असं मला वाटेना, कारण फौजेच्या दुबळ्या बाजू तितक्याच मोठ्या होत्या. मेलेले पळत नाहीत हे खरं, पण चकमक जितक्या फरकाने हरतील तितके जादा सांगाडे तिथल्या तिथे कोसळतात. आणि सेनापती पडला की सगळी फौजच विरघळायला लागते.

वही उलटीसुलटी चाळताना बायकोने बोट ठेवलं. दुकानाचे जमाखर्च तीच बघते. काही डावांपुढे भाच्याने बारीक अक्षरात 'अपूर्ण' लिहून ठेवलं होतं. वाळपईची शेवटची बस, नाहीतर साखळीची. पोरं चौथ्या फेरीत उठायची आणि टेबलावर ज्याचं जास्त उरलं असेल त्याला डाव द्यायची. असे डाव नऊ होते, आणि त्यांतले आठ व्हॅम्पायरांचे. उरलेल्या १३ पूर्ण डावांत व्हॅम्पायर सहा जिंकले होते, सात हरले होते.

यात गूढ काही नाही. या फौजेची शिगेची वेळच चौथी फेरी. तोवर सांगाडे वाढत जातात. शत्रू सेनापतीपर्यंत पोचतो तो पाचव्यात, आणि विरघळणं दिसतं सहाव्यात. आम्ही तिसऱ्या अंकाला पडदा पाडून खलनायक जिंकला म्हणत होतो. आणि डाव रखडत होता कुणामुळे? त्याच मंत्रामुळे. फेरीत चार वेळा फासे टाका, डब्यातून तीन सांगाडे काढा, रांगेत घुसवा, दोन भाले एकमेकांत अडकतात, एक खाली पडतो, त्याला शोधा. समोरचा तोवर मोबाईल बघणार नाही तर काय करणार.

तेव्हा ताकदीला हात लावला नाही, वेळ कापला. चार मंत्रांचा एक मंत्र केला. दोन फाशांवर सात ते नऊ पडले तर दहा सांगाडे, दहा किंवा जास्त पडले तर पंधरा, नाहीतर काही नाही. दहा-पंधरा अशासाठी की रांग पाचाची. उठतील ते पूर्ण रांगेने उठतील, सुटा एकही नाही. दोन फाशांवर दहा किंवा जास्त ३६ पैकी सहा वेळा पडतात, म्हणून सरासरी पाहिली तर फेरीला साधारण सातच्या आसपास येते, आधीपेक्षा किंचित कमी. पण डब्यातून आता एक-एक सांगाडा काढायचा नाही. पाच सांगाड्यांची तयार पट्टी, १२५ मिलिमीटर लांब, २५ रुंद, तळाला पत्रा, ट्रेमध्ये चुंबक. टक् करून बसते.

हीच पट्टी आज आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल आहे. तेव्हा मडगावच्या एकाने तोंडावर विचारलं, "तुम्ही पट्ट्या विकायला नियम बदलला की काय?" मी त्याला नाही म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, हे पूर्ण खरं नाही. रांगेची कल्पना आधी सुचली की पट्टीची, हे भाच्याला आणि मला आता नक्की आठवत नाही. म्हणून नियमांच्या कागदावर ठळक ओळ टाकली : पट्टीची गरज नाही, पुठ्ठ्याचा तुकडाही चालेल. विक्री त्याने कमी झाली नाही. झाली असती तर ओळ राहिली असती का, ते विचारू नका.

सगळा अभिप्राय असा उपयोगी पडला असं नाही. एक पोरगा कुठलीही फौज घेऊन जिंकायचा. त्याचं म्हणणं आम्ही फार दिवस प्रमाण मानलं, आणि त्याच्या सांगण्यावरून घोडदळ इतकं नाजूक केलं की बाकी कुणाला ते चालवताच येईना. पुढे आम्ही प्रत्येक जोडीला तोच डाव फौजा बदलून दुसऱ्यांदा खेळायला लावला. त्यात घोडदळ कमजोर की चालवणारा कच्चा, हे वेगळं कळतं. रक्त पिऊन जखम भरून काढायचा नियम सगळ्यांचा लाडका होता, पण प्रत्येक सरदाराची जखम वहीत मांडताना डोकं उठायचं. तो आम्ही एकट्या सेनापतीपुरता ठेवला. यावर अजून शिव्या खातो.

सेनापती पडल्याबरोबर फौज विरघळते, ते फारच क्रूर आहे अशी तक्रार व्हॅम्पायर खेळणाऱ्यांची होती. विरघळणं काढलं असतं तर या फौजेला चवच उरली नसती. फक्त ते त्याच क्षणी न होता खेळाडूच्या पुढच्या चालीच्या सुरुवातीला होईल असं केलं. मधल्या अर्ध्या फेरीत दोघंही खुर्चीवरून उठून उभे राहतात. मोबाईलचा प्रश्न तिथे विचारावा लागत नाही.

सगळ्यात जास्त लाज वाटली ती आमच्या मराठीची. 'सेनापतीपासून १२ इंचांच्या आत असलेली तुकडी जलद चाल करू शकते' असं वाक्य होतं. आम्ही समोर असताना कुणाला अडलं नाही. मग आम्ही कुणीच हजर न राहता म्हापशाच्या दोघांना नुसता कागद दिला. ते तीन रविवार असं खेळले की आख्खी तुकडी १२ इंचांच्या आत हवी. आम्हाला अभिप्रेत होतं, एक टोक आत आलं तरी पुरे. त्यांची फौज रांगत होती आणि ते आम्हाला कळवत होते की व्हॅम्पायर फार कमजोर आहेत. आता तिथे 'तुकडीचा कुठलाही भाग' असं आहे. कागद बाहेर जाण्याआधी बाबा वाचतात. दोन अर्थ निघाले की लाल पेन्सिलने गोल करतात. संहिता वाचायची सवय.

सध्या सातवी आवृत्ती चालू आहे. मागच्या खोलीत दोन प्रिंटर आहेत, कामाला एक पोरगी आहे, तिचा हात माझ्यापेक्षा हलका. कुरिअरमधून तलवारी मोडून पोचायच्या. आता आकृत्या तांदळाच्या भुश्शात भरतो आणि तलवारी थोड्या जाड काढतो. बाबा महिन्यातून एखादी पट्टी रंगवतात. रंगमंचावर खालून उजेड पडल्यासारखी सावली वरच्या बाजूला घालतात, आणि त्या पट्ट्या आम्ही विकत नाही.

भुतांचा रथ मात्र अजून जमलेला नाही. वाळपईवाला म्हणतो तो भिंतीतून जायला हवा, मडगाववाला म्हणतो मग भिंती कशाला मांडता. दोघांचंही खरं आहे. पुढची तालीम चवथ झाल्यावर, कारण तोवर दोन्ही टेबलांवर मखरं वाळत पडलेली असतात.