कोल्हापूर-पुणे, चार खेपा: जीमॅटच्या ६८५ पर्यंतचा रस्ता

जीमॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेत, आता ७०० गुण कुणालाच पडत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून जी नवी परीक्षा आली, तिचे गुण २०५ ते ८०५ आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी पाच. ६९५ पडतील, ७०५ पडतील, ७०० नाही. हे मला कळलं दुसऱ्या खेपेनंतर, म्हणजे साडेपाचशे डॉलर भरून झाल्यावर. ज्या क्लासच्या दारावर ‘सातशे प्लस बॅच’ असा फलक होता, त्यांना हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

जुन्या मोजपट्टीवरचे ७०० म्हणजे नव्यावर साधारण ६४५. नवे ७०५ म्हणजे जुन्या ७६० च्या आसपास. मी पन्हाळा चढायचा म्हणून निघाले आणि कळसूबाईच्या वाटेला लागले. तेव्हा पहिलं काम हे करा: तुमच्या यादीतल्या संस्थांचे ताजे सरासरी गुण बघा आणि ते जुन्या परीक्षेचे की नव्या, ते आधी तपासा. दादा-ताईंचे २०१८ चे आकडे त्यांच्यापाशीच राहू द्या.

टक्केवारी, गुणोत्तर, इंग्रजी उतारा समजणं, एवढं येतं असं धरून लिहिते आहे. येत नसेल तर अजून निघू नका.

पहिली खेप जून २०२४. गुण ६०५. मावसभावाच्या जुन्या पुस्तकांतून वाक्य सुधारण्याचे प्रश्न महिनाभर घोटले होते. ते प्रश्न नव्या परीक्षेत नाहीत. भूमितीही काढली आहे. निबंधही गेला. पहाटेच्या एसटीने त्याच दिवशी निघाले, हा दुसरा मूर्खपणा. कराडला उड्डाणपुलाच्या कामापाशी गाडी पाऊण तास जागची हलली नाही. स्वारगेटला रिक्षावाल्याने मीटरला हात न लावता तीनशे मागितले. घड्याळाकडे बघत दिले. आदल्या दिवशी जा. माझी आत्या सहकारनगरला राहते हे मला तेव्हाही माहीत होतं, फक्त ‘परीक्षा आहे’ हे घरात सांगायचं नव्हतं.

दुसरी खेप जुलै, ६४५. आत्याकडे झोपले, वेळेत पोचले, सगळं नीट झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता खराब पट्टा. त्याचं नाव डेटा इनसाइट्स, म्हणजे तक्ते आणि माहिती वाचून उत्तरं द्यायचा विभाग. तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं: गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३ आणि हे २०. जुन्या परीक्षेत याच्यासारखा एक विभाग होता, पण त्याचे गुण एकूणात धरत नसत. म्हणून जुनी माणसं सांगतात, ‘ते शेवटच्या आठवड्यात बघ.’ अजिबात ऐकू नका. आता तिन्ही विभागांचं वजन सारखं आहे. विभागातला एक गुण हलला की एकूण सहा-सात हलतात. पहिल्या खेपेला माझे गणितात ८३, भाषेत ८२ आणि इथे ७५ होते. खड्डा कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसेल.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत दिवसभर तक्तेच बघते, त्यामुळे हा विभाग हातचा वाटला होता. पण तिथे काही प्रश्नसंचांत तीन टॅब येतात. एकात खरेदी विभागाचा ईमेल, दुसऱ्यात पुरवठादारांचा तक्ता, तिसऱ्यात सवलतीचे नियम. खाली तीन विधानं, प्रत्येकापुढे हो की नाही. तिन्ही बरोबर आली तरच गुण. दोन बरोबर म्हणजे शून्य. ईमेलच्या शेवटच्या ओळीत ‘मागच्या तिमाहीचे दर लागू’ असं काहीतरी असतं आणि तक्ता असतो या तिमाहीचा. प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटं. मी एकेका संचावर आठ-नऊ मिनिटं घालवली आणि शेवटचे चार प्रश्न डोळे मिटून टिचकावले. रिकामे सोडले तर आणखी फटका बसतो, म्हणून टिचकावणं भाग होतं.

तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरमध्ये, मी शहाणपणा करून हा विभाग सर्वांत आधी घेतला. विभागांचा क्रम आपण निवडू शकतो. थंड डोक्याने सुरुवात होईल असा हिशेब होता. डोकं थंडच होतं, एसीमुळे बोटंही. त्यात दिलेला मार्कर अर्धा वाळलेला. प्लॅस्टिकच्या वहीवर आकडा लिहावा आणि मनगटाने पुसला जावा. गणितात ८५ आले, डेटामध्ये ७६, एकूण ६३५. दहा गुण खाली. बाहेर येऊन इमारतीच्या पायरीवर बसले आणि वडापाव खाल्ला तो कसा होता तेही आठवत नाही.

त्या रात्री परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की सगळ्यांना सांगायचं, दोनदा द्या आणि सोडा. तो सल्ला मागे घेते.

चौथी खेप नोव्हेंबर. क्रम: भाषा, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग डेटा, शेवटी गणित. सुट्टी एकच मिळते, ती या पट्ट्याच्या आधीच घ्या. चर्चा नको. आणि सुट्टीत दहाची अकरा मिनिटं झाली तर ते मिनिट पुढच्या विभागातून कापलं जातं. वीसातले दोन प्रश्न मी बघताक्षणी सोडायचे ठरवून गेले होते: काहीतरी उत्तर टाकायचं, खूण करायची, पुढे. प्रत्येक विभागात शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. मला एक बदलता आलं. स्वेटर नेला होता. मार्कर बसण्याआधी तपासून बदलून घेतला. गणित ८६, भाषा ८३, डेटा ८३. पडद्यावर ६८५ आलं तेव्हा मी इतक्या मोठ्याने ‘आई गं’ म्हटलं की शेजारी कुठलीतरी वेगळी परीक्षा देणारा मुलगा दचकला.

पैशांचं एकदा सांगते. २०२४ मध्ये केंद्रावरच्या परीक्षेचे २७५ डॉलर होते, म्हणजे दर खेपेला तेव्हाचे तेवीस हजारांच्या आसपास. चारदा. तारीख बदलायची तर परीक्षा जितकी जवळ तितका दंड जास्त, म्हणून तयारी होण्याआधी तारीख घेऊ नका. दोन खेपांत किमान १६ दिवस जावे लागतात, बारा महिन्यांत पाचच संधी. अधिकृत सराव परीक्षांपैकी दोन फुकट आहेत, त्या पहिल्याच आठवड्यात उडवू नका. क्लासला दिलेले पैसे वाया गेले. पडलेल्या खेपांची लाज बाळगू नका. आपण पाठवू तेच गुण संस्थेला दिसतात आणि अधिकृत गुण आल्यावर ४८ तासांत पाच ठिकाणी फुकट पाठवता येतात. माझे ६०५ फक्त मला आणि आता तुम्हाला माहीत.

येताना खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला. तासभर गाडी जागेवर. शेजारच्या काकांनी विचारलं, इतकी खुशीत का. परीक्षेचा निकाल लागला म्हटलं.

“किती?”

“सहाशे पंच्याऐंशी.”

“कितीपैकी?”

“आठशे पाच.”

काकांनी मनात हिशेब केला. मग जरा खाली आवाजात म्हणाले, “पास झालीस ना पण?”