दुखत नाही, मग दाब कसला?

"दुखत न्हाई, लाल न्हाई, मग दाब कसला म्हणतात हे?" सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीवर मागे बसलेल्या बाबांनी विचारलं.

डोळ्याचा दाब ३२ निघाला होता. साधारण १० ते २१ हवा.

युव्हिआयटिसची, म्हणजे डोळ्याच्या आतली, सूज उतरावी म्हणून दीड महिन्यापूर्वी डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. सूज उतरली, खरंच उतरली. पण याच औषधाने काहींच्या डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जायची वाट अडते आणि दाब चढतो. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. तो काढता तरी येतो. दाबाने नस खराब झाली की गेलेली नजर परत येत नाही.

बाबा मात्र खूश होते, चादरीवरची नक्षी पुन्हा स्पष्ट दिसते म्हणून. चाळीस वर्षं लूमवर तुटलेला धागा हेरणारे डोळे आहेत ते.

चिठ्ठीवर नुसतं 'फॉलोअप' लिहिलेलं. कशासाठी, ते नाही. "बरं वाटतंय ना, मग जाऊ निवांत," असं मीच म्हणाले होते. ते दिवसभर टोचतंय.

आता दाबाचे थेंब सुरू झालेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी.

तुमच्या घरी कुणाला असं इंजेक्शन दिलंय? नंतर दाब मोजलात?