तुम्ही विचारलेत म्हणून: बँकेच्या सुट्ट्यांचा हिशेब मी वर्षभर आधी का मांडते

“आता सगळे ऑनलाइन झाले, पैसे मध्यरात्रीसुद्धा जातात, मग तुम्ही डिसेंबरातच सुट्ट्यांची यादी घेऊन का बसता?” हा प्रश्न मला ऑफिसातली नवी मुले विचारतात, नणंद विचारते आणि आम्हाला माल पुरवणारे तर प्रत्येक सणाच्या तोंडावर विचारतात. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता ते पुरे झाले, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

नाशिकमधल्या अंबडच्या एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याचे हिशेब माझ्याकडे आहेत. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, हा कायदा आहे. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, बँकेची रविवारी, आणि सप्टेंबर २०१५ पासून बँकेचे दुसरे व चौथे शनिवारही सुट्टीत गेले. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या दोन सोयींपैकी एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, हे मलाही ठाऊक आहे. पण पैसे पाठवण्यासाठी ते आधी खात्यात असावे लागतात, आणि आमचा मुख्य ग्राहक आजही चेकनेच पैसे देतो. चेक वटण्यासाठी बँक उघडी लागते. माहेरी, निफाड तालुक्यात, मला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण मार्चअखेरीला कांद्याचे लिलाव हिशेबासाठी बंद राहिले की साठवणीच्या चाळीत भरपूर कांदा असूनही हातात पैसा नसतो, हे त्यांनी पाहिलेले आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाचा चेक शुक्रवारी, ४ तारखेला संध्याकाळी हाती आला. शनिवारी मी तो भरला. सोमवारी, ७ तारखेला, रक्कम जमा होणार आणि त्याच रात्री पगार जाणार, असा सरळ हिशेब होता. रविवारी सकाळी लता मंगेशकर गेल्याची बातमी आली. आमच्याकडे रविवारी काम चालू असते; त्या दिवशी मशिनवर उभ्या असलेल्या माणसांनीही फोनवर तिची गाणी लावली होती, आणि मलाही कामात लक्ष देता येत नव्हते. मग सोमवारी सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली, बँकांनाही. रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची ७ तारखेपासूनची बैठकसुद्धा एक दिवस पुढे गेली. त्या सुट्टीबद्दल माझी तेव्हा तक्रार नव्हती, आजही नाही. पण चेक अडकला आणि पगार मंगळवारवर गेला.

आधीच पगार का केला नाहीत, असे मला नंतर अनेकांनी ऐकवले. जानेवारीत पत्र्याची खरेदी झाली होती आणि कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून गरजेप्रमाणे उचलता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा काठोकाठ भरलेली होती. हे माझ्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. मालकांनी घरातली रोख आणून ज्यांनी मागितले त्यांना उचल दिली. ज्याला सर्वांत जास्त गरज होती, त्याने मागितली नाही. मागायला लाज वाटली, असे त्याने नंतर सांगितले.

तो वेल्डिंगवर होता. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला आणि हातमोजा काढून त्याने फोन पुढे केला. काच कोपऱ्यातून तडकलेली होती आणि तिच्यावर बोटाची काळी खूण उमटली होती. दोन मेसेज होते, दोन्ही सोमवारचे: मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता खात्यात रक्कम नसल्यामुळे परत गेल्याचा एक, आणि त्याबद्दल बँकेने आकार लावल्याचा दुसरा. फायनान्स कंपनीचा दंड त्यानंतर आला, आणि दोन्ही मिळून त्याच्या एका दिवसाच्या रोजापेक्षा जास्त गेले. त्याने एवढेच विचारले, “मॅडम, काल बँक बंद होती ना, मग हप्ता कसा काय कापायला आले?”

त्याचे उत्तर मी नंतर शोधले. १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नाच’ (NACH), म्हणजे हप्ते आपोआप वळते करणारी यंत्रणा, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालते. म्हणजे त्या सोमवारी त्याच्या खात्यात पैसे येण्याची वाट बंद होती आणि जाण्याची उघडी होती. नाचमधून पगारही जमा होऊ शकतात, असे मला सांगितले जाते. होऊ शकतात, पण त्यासाठीही आमचा चेक वटलेला लागतो. तुम्हाला “सगळे ऑनलाइन झाले” असे जे दिसते, ते मला त्या दिवसापासून असे दिसते.

पूर्वी मी स्वतः म्हणत असे की महाराष्ट्रात सुट्ट्याच फार आहेत, निम्म्या रद्द कराव्यात. त्या मताशी माझे आजही भांडण चालू आहे. त्याच वेल्डरला दिवाळीतल्या दोन सुट्ट्यांमुळे गावी जाऊन आईजवळ राहता येते. त्या काढून घ्या, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण सुट्टी ऐनवेळी जाहीर होते तेव्हा माझे जुने मत पुन्हा डोके वर काढते. अयोध्येतल्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेसाठी २२ जानेवारी २०२४ च्या सोमवारची सुट्टी आदल्या शुक्रवारी जाहीर झाली होती. शोक पूर्वसूचना देऊन येत नाही, हे मला समजते. ठरलेल्या तारखेच्या सोहळ्याची सुट्टी तीन दिवस आधी का कळावी, हे मला अजून समजलेले नाही.

यादी हाताशी असली तरी ती पुरत नाही. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरऐवजी ८ तारखेला नेली, आणि बाकी राज्यात ती ५ लाच राहिली. नाशिकची बँक शुक्रवारी बंद, शनिवारी आमचा कारखाना बंद, रविवारी पुन्हा बँक बंद आणि सोमवारी ग्राहकाचे मुंबईचे मुख्य कार्यालय बंद. पगाराची ७ तारीख बरोबर या मधोमध. त्या वर्षी पगार गुरुवारीच झाले, कारण ग्राहकाकडे चेकसाठी मी ऑगस्टच्या अखेरीपासूनच तगादा लावला होता. त्यांच्या लेखा विभागाला माझा राग आला असेल.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याच्या, ज्या २५ व्या कलमाखाली या सुट्ट्या जाहीर होतात, त्याच कलमात लिहिले आहे की हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय धरावी. आधीच्या, नंतरच्या नव्हे. पगाराला हे कलम लागू नाही. मी मात्र ते लागू असल्यासारखीच वागते, आणि पुरवठादारांनी मला हट्टी म्हटले तरी वागत राहीन.

नाशिकच्या पुढच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. तो सोमवार आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी रविवार. त्या दिवशी सुट्टी जाहीर होवो न होवो, शहरातले रस्ते गर्दीसाठी बंद होणारच, म्हणून जुलैचा पगार ३० तारखेच्या शुक्रवारी व्हावा, असे मी मालकांना आत्ताच लिहून दिले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.