तुम्ही विचारलंत म्हणून: थ्रीडी पेशींवर किती विसंबायचं?

‘थ्रीडीत औषध चाललं ना, मग माणसात चालेलच की!’ विद्यार्थी, नातेवाईक, कंपन्यांचे लोक, सगळे हेच विचारतात. थ्रीडी म्हणजे प्लेटवर सपाट न पसरता गोळ्यासारख्या वाढवलेल्या पेशी. ‘कुठल्या औषधाबद्दल म्हणताय?’ असं मी उलट विचारलं की त्यांना ती पळवाट वाटते. तसं नाही हो.

1993 साली अमेरिकेत हिपॅटायटिस बीवरच्या फियालुरिडीनची चाचणी 15 रुग्णांवर चालली होती. 7 जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली, त्यातले 5 दगावले, 2 यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. आधी प्राण्यांवर हा धोका दिसलाच नव्हता. सपाट प्लेटवर मानवी यकृतपेशी काही दिवसांत आपले गुण सोडतात, आणि हे औषध तर कित्येक आठवड्यांनी घात करतं. त्याच पेशींचे स्फेरॉइड, म्हणजे छोटे गोळे, केले की ते 5 आठवडे टिकतात आणि विषबाधा दाखवतात. मी या कामात आहे ती यासाठी.

पण जेलचंही ऐका. आतड्याच्या कर्करोगाचे ऑर्गनॉइड, म्हणजे गाठीची चिमुकली नक्कल करणारे पेशींचे गोळे, जेलमध्ये वाढवत होतो. पेशी त्याच, औषध तेच, डोस तोच. जेलचा नवा लॉट, म्हणजे नवी खेप, उघडला, आणि ज्या डोसला गोळे मरायचे त्यालाच ते धडधाकट राहिले. विद्यार्थिनीने प्रयोग पुन्हा लावला, परत तेच. हे जेल उंदराच्या सार्कोमापासून, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठीपासून, काढतात. त्यातली लॅमिनिन, कोलॅजन ही प्रथिनं आणि वाढीचे घटक दर लॉटला थोडे बदलतात. नव्या लॉटमधले गोळे मोठे झाले होते. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेले की आत ऑक्सिजन पुरत नाही, तिथल्या पेशींचं विभाजन थांबतं, आणि विभाजनावरच घाव घालणारं औषध त्यांचं काही बिघडवू शकत नाही.

‘मॅडम, मग गोळे मारणाऱ्या डोसचा खरा आकडा कुठला?’ तिने विचारलं. तिचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता. मी गप्प. खरी गाठही आतून अशीच उपाशी असते. जुना आकडा सोयीचा म्हणून तोच बरोबर कसा म्हणू? दोन्ही आकडे प्रबंधात ठेवले, आणि परीक्षकांनी नेमकं त्यावरच तिला धारेवर धरलं. ते अजून सलतं.

पूर्वी व्याख्यानांत मी ठासून सांगायचे, ‘प्राण्यांवरच्या चाचण्या आता संपणार.’ ते वाक्य मला आजही सरळ खोडून काढवत नाही. 2023 मध्ये भारतानेही नियम बदलून प्राण्यांऐवजी अशा पेशींवरच्या चाचण्यांना वाट दिली. पण पेशींच्या बहुतेक गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारपेशी नसतात. यकृताच्या सावकाश विषबाधेसाठी मी उंदरापेक्षा स्फेरॉइडवर जास्त विसंबेन. गाठीवरच्या औषधासाठी मात्र दोन लॉटचे निकाल मागेन, पेशींच्या गोळ्यांचा व्यास मागेन. ते मिळाल्यावर हो म्हणेन का, हे माझं अजून ठरत नाही.